शोरूममधली सगळ्यात मजबूत वस्तू

एका तालुक्याच्या गावात भानुदास नावाचा एक भोळा गडी होता. गावानं त्याला कामाला लावायचं सोडून दिलं, तेव्हा हायवेवरच्या गाड्यांच्या शोरूमनं त्याला नोकरी दिली. तक्रारीच्या खिडकीवर. तिथं हुशार माणसं टिकत नसत. लोकांची बोलणी त्यांना कळायची, हीच अडचण होती.

मॅनेजर पाटणकरांचा जीव सध्या टांगणीला लागला होता. कंपनीचे मोठे साहेब स्वतःसाठी नवी गाडी न्यायला इथंच येणार होते. त्यांच्या मनासारखं झालं तर एजन्सी राहणार. नाही झालं तर एजन्सी जाणार, आणि तिच्याबरोबर पाटणकरही.

खिडकीवर आधी आल्या शाळेतल्या खैरनार बाई.

"वायपर लावला की असा किरकिरतो, की रस्त्यावरची माणसं कानांवर हात ठेवतात."

"रबर हलकं आहे बाई," भानुदास म्हणाला. "सगळ्याच गाड्यांना तेच लावतात."

बाई तडक पाटणकरांच्या केबिनमध्ये शिरल्या. त्या गेल्यावर पाटणकरांनी भानुदासला आत घेतलं.

"अरे शहाण्या, खरं काय सांगत बसतोस? म्हणायचं, नव्या गाडीत एवढं चालायचंच. वापराल तसं बरं होईल."

"बरं साहेब."

मग डॉक्टर गुंजाळ आले. त्यांच्या पुढच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता.

"नव्या गाडीत एवढं चालायचंच," भानुदास म्हणाला. "वापराल तसं बरं होईल."

डॉक्टर हे वाक्य रोज पेशंटना सांगत. त्यामुळे त्यांना ते पटलं. ते गाडी घेऊन निघाले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला काच त्यांच्या मांडीवर आली. परतले ते रिक्षानं.

"तडा वापरून बरा होतो का रे?" पाटणकर कळवळून म्हणाले. "तिथं म्हणायचं, बाहेरून काहीतरी लागलं असणार. बाहेरून लागलं की जबाबदारी मालकाची."

"बरं साहेब."

पुढं भुसारवाले चोरडिया शेठ आले. डोक्यापासून मानेपर्यंत ओले, खाली कोरडे. सगळा रस्ता त्यांनी खिडकीतून मुंडी बाहेर काढून गाडी हाकली होती.

"पाऊस आला की वायपर बंद. ऊन पडलं की चालू. काय समजायचं?"

"बाहेरून काहीतरी लागलं असणार."

"काय लागलं?"

भानुदासनं विचार केला. "पाऊस," तो म्हणाला. "बाहेरून लागलं की जबाबदारी मालकाची."

शेठ गाडीत बसले, मुंडी बाहेर काढली आणि घरी गेले.

या वेळी पाटणकर रागावले नाहीत. पाऊस बाहेरून लागतो, हे आजवर कंपनीत कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी भानुदासच्या पाठीवर हात ठेवला.

"तयार झालास. फक्त आपल्या मालाबद्दल दोन शब्द चांगलेही बोलत जा. म्हणावं, आमच्या काचेसारखी मजबूत वस्तू जगात नाही. दगड घातला तरी फुटायची नाही."

"खरंच साहेब?"

"खरंच म्हणजे काय? अगदी खरं."

अखेर मोठे साहेब आले. गाडीवरचं झुळझुळीत कापड ओढलं गेलं, हार चढला, पेढे फिरले. हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली साहेबांच्या हातात देऊन फोटो निघाला. साहेब हसले. ते हसलेले बघून पाटणकरांना भरून आलं. एजन्सी राहिली, असं त्यांनी मनात धरूनच टाकलं.

आता तेवढा नारळ फोडायचा राहिला होता. भानुदासनं तो उचलला, तसे पाटणकर त्याच्या कानाशी लागले.

"फरशी नवी आहे, तिच्यावर आपटू नकोस. काहीतरी मजबूत बघ आणि त्याच्यावर फोड."

भानुदासनं हॉलभर बघितलं. टेबलं बघितली, खांब बघितले. शेवटी त्याची नजर गाडीवर आली आणि तो समाधानानं पुढं झाला.

नारळ एका फटक्यात फुटला. काचही एका फटक्यात फुटली. साहेबांच्या कोटावरून पाणी ओघळू लागलं, आणि पाटणकर जिथं उभे होते तिथंच खाली बसले.

"ही काच," साहेब दात आवळून म्हणाले, "कोण भरून देणार?"

भानुदासनं अदबीनं हात जोडले.

"बाहेरून लागलंय साहेब, म्हणजे जबाबदारी मालकाची. आणि किल्ली तर तुमच्याच हातात आहे."