येसबाने बंदर पाहिलं

घाटावरच्या एका गावात येसबा नावाचा एक भोळा राहत होता. भोळा हे तोंडावर म्हणायचं. पाठीमागे लोक काय म्हणत ते लिहिण्याजोगं नाही. बायकोने, शेवंतीने, कोंबड्या झाकायला सांगितल्या, तर याने घरातली एकुलती एक गोधडी कोंबड्यांवर घातली. ती थंडीत कुडकुडली आणि उजाडताच माहेरी गेली, खाली समुद्राकाठच्या शहरात.

येसबा तिला न्यायला आला. सासू आवडाबाई जिभेची तिखट, पण लेकीचा जीव या ठोंब्यात अडकलेला. तेव्हा त्यांनी ठरवलं, जावयाला शहर दाखवायचं. संध्याकाळपर्यंत चार लोकांत त्याने लाज काढली नाही, तर लेक पाठवायची. नाहीतर एकटाच घाट चढू दे.

आधी धक्क्यावर गेले. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या भरभरून सुटल्या आणि येसबा कोणी बोलवेल म्हणून उभाच राहिला. आवडाबाईंनी समजावलं, "जावईबापू, इथे आमंत्रण येत नाही. घुसायचं, रुमाल टाकायचा, जागा धरायची."

येसबाने मान डोलावली. मान डोलवण्यात तो कधी चुकत नसे.

किल्ला राहिलाच. दुपारी खानावळीत ही गर्दी. येसबा घुसला आणि एकाच्या भरल्या ताटात, सुरमईच्या कालवणात, त्याने रुमाल टाकला. तो माणूस उठला तो याची गचांडी धरूनच. आवडाबाईंनी हातापाया पडून जावई सोडवला आणि बजावलं, की खानावळीत जेवणाऱ्याच्या मागे गुमान उभं राहायचं. सोलकढी पिऊन त्याने वाटी खाली ठेवली की तो उठणार. तो उठला की आपण बसायचं.

मग देऊळ. पुजारी पाटावर बसून पूजा करत होता. येसबा त्याच्या पाठीशी गुमान उभा. पुजाऱ्याने तीर्थ घेतलं, पळी खाली ठेवली, आरतीला उठला. येसबा पाटावर बसला आणि नैवेद्याचं ताट पुढे ओढून भात कालवू लागला.

बाहेर हाकलल्यावर आवडाबाई दात खाऊन म्हणाल्या, "तिथे जेवत नाहीत. हात जोडायचे, फूल वाहायचं, कपाळ टेकायचं."

परतताना मासळीबाजार लागला. येसबाने कोळणीच्या पाटीपुढे हात जोडले. तिच्या अंबाड्यातलं फूल काढून पापलेटावर वाहिलं आणि कपाळ टेकलं.

कोळीण म्हणाली, "बाये, ह्याला घरी नेतेस, का मीच बर्फात घालू?"

आवडाबाईंना धरणी पोटात घेईना. त्यांनी हिसडून त्याला उठवलं. "बाजारात पाया पडत नाहीत. मासळीचा कल्ला उचलून आत लाल आहे का बघायचं. बोटाने दाबायचं, वास घ्यायचा. शिळी असली तर तोंडावर सांगायचं, दुसरी दाखव म्हणून."

घरी आले. शेवंती नवं लुगडं नेसून, बोचकं काखेत मारून उंबऱ्यात उभी. निरोप द्यायला आळीतल्या बायका जमलेल्या. लेकीचं तोंड बघून आवडाबाईंनी दिवसभराची बेअब्रू गिळली. तिचा हात धरून त्यांनी तिला पुढे केलं आणि म्हणाल्या, "घ्या, जावईबापू."

येसबाने शेवंतीचा कान उचलून आत बघितलं. गाल बोटाने दाबला. मानेशी नाक नेऊन वास घेतला. मग आळीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"सासूबाई, ही शिळी आहे. दुसरी दाखवा."