नकाराचे अत्तर

त्या राज्यात सगळे फुकट होते. गवत फुकट, मीठ फुकट, सावली फुकट, आणि शेजाऱ्याच्या घरी काय चालले आहे याच्या बातम्या तर न मागताही फुकट. बाजारात रांगेने दुकाने होती. कुठे माकडे कोवळे वेल वाढत, कुठे घोरपड मिठाचे खडे मांडून बसे, कुठे सुगरणी गवताच्या गाद्या विणून देत. कोणीही यावे, पोटभर घ्यावे आणि जावे. फुकट ते पौष्टिक, असे तिथले जाणते प्राणी म्हणत. आणि एवढे सगळे नेमके कोणाला परवडते, असा असभ्य प्रश्न कोणी विचारत नसे.

दारात फक्त अत्तर लावत. एवढाच काय तो रिवाज. उंबऱ्यावर अत्तरदाणी घेऊन एक राघू बसलेला असे. तो पाहुण्याच्या कानामागे फाया टेकवी आणि त्याला आत सोडी. मंगलकार्यात पाहुण्याचा मान करतात, तसाच हा मान होता. त्याला नाही म्हणणे उद्धटपणाचे मानले जाई. प्रत्येक दुकानाचा वास वेगळा असे आणि तो पावसानेही जात नसे. ही सारी अत्तरे उदाजी नावाचे एक उदमांजर तयार करी. अत्तर शरीराच्या कोणत्या भागातून काढतात, हे त्याला कोणी विचारत नसे. वास चांगला होता.

अत्तराचे फायदेही पुष्कळ होते. राघूने एकदा वास घेतला की पाहुणा काल कुठे गेला, काय खाल्ले आणि काय नुसते हुंगून ठेवले, ते त्याला कळे. "या, या, काल अर्धा टाकलेला तुमचा वेल तसाच ठेवला आहे," असे माकडे म्हणत आणि प्राण्यांचा ऊर भरून येई. एका सशाने एकदा सहज एक मुळा हुंगला. त्यानंतर तो गादीच्या दुकानात गेला तर तिथे मुळा, मिठाच्या दुकानात गेला तर मिठावर मुळा. त्याने शेवटी कंटाळून एक मुळा खाल्ला. तरीही पुढे सबंध मोसम त्याला मुळेच दाखवत राहिले. ससा मात्र चारचौघांत अभिमानाने सांगे की, आपल्या आवडीनिवडीची एवढी काळजी सख्ख्या आईनेही कधी घेतली नव्हती.

पूर्वी हे अत्तर न विचारता लावत. मग कोणीतरी तक्रार केली आणि राज्य करणाऱ्या हत्तीमहाराजांना प्रजेची दया आली. परवानगीशिवाय कोणाला अत्तर लावू नये, असा त्यांनी हुकूम काढला. बाजाराने हुकूम शिरसावंद्य मानला. दुसऱ्याच दिवशी दारोदार केळीच्या पानांचे पडदे लागले आणि पडद्यापुढे बसून राघू परवानगीचा पाठ म्हणू लागले. 'आम्ही व आमचे विश्वासू भागीदार आपल्या खासगीपणाची मनापासून कदर करतो,' अशी त्याची सुरुवात होती. शेवट कोणीच ऐकला नव्हता. एका चिकाटीच्या बगळ्याने तो ऐकायचे ठरवले, पण तोही उपाशीपोटी उठून गेला. मान एकदा खालीवर केली की होकार झाला असे धरत आणि पडदा चटकन वर जाई. ज्याला अत्तर नको असेल त्याने दुकानाला वळसा घालून, खाजकुइलीच्या जाळीतून मागच्या दाराने यावे, अशी सोय होती. महाराजांनी स्वतः त्या जाळीतून फेरफटका मारून पाहिला. हत्तीच्या कातडीला खाजकुइली लागत नाही. त्यांचे पूर्ण समाधान झाले.

काजळी नावाची एक हरिणी या बाजाराची जुनी गिऱ्हाईक होती. राघूने तोंड उघडताच ती मान हलवी. पाठ ऐकत बसायला तिला कधी वेळ नसे. तिच्या पुढे भूक असे आणि पडद्यामागे गवत. यात तिचे काही फार चुकत होते असे नाही, सगळेच तसे करत.

मागच्या वर्षी तिचे पहिले पाडस बिबट्याने नेले होते. या वर्षी तिला दुसरे झाले. हरणांच्या कुळात एक जुनी रीत आहे. पाडस जन्मले की आई त्याला चाटून इतके स्वच्छ करते की त्याला कसलाही वास उरत नाही. मग त्याला दाट झुडपात बसवून ती लांब निघून जाते आणि सकाळ-संध्याकाळ दूध पाजण्यापुरती येते. ज्याच्या पायांत अजून पळायचे बळ नाही, त्याला जगायला एवढाच आधार असतो. काजळीने करवंदीच्या एका गच्च जाळीत पाडस ठेवले होते आणि ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती. तिने त्याचे नावही ठेवले नव्हते. नाव ठेवले की हाक मारावीशी वाटते.

एके सकाळी ती माकडांच्या दुकानात गेली, तर तिच्यापुढे शतावरीचे ताजे कोंब ठेवलेले.

"मी हे मागितलं नव्हतं," काजळी म्हणाली.

"मागायचं कशाला, ताई?" माकड म्हणाले. "दूध चांगलं उतरतं याने. घ्या, संकोच करू नका."

तिच्या तोंडचा घास खाली पडला. पुढच्या दुकानात सुगरणीने एक चिमुकली गादी विणून ठेवली होती. घोरपडीने तर अभिनंदनच केले. काजळीने कोणाला चकार शब्द सांगितला नव्हता. ती फक्त हल्ली मीठ जास्त वेळ चाटत होती, आंबट चिंचेकडे पाहीनाशी झाली होती आणि बाजारातून लवकर निघत होती. अत्तरांनी तेवढे जाऊन एकमेकांना सांगितले होते. मागच्या वर्षीची ती मोकळी जाळी तिच्या डोळ्यांपुढे आली.

ती तडक उदाजीकडे गेली. उदाजी गादीवर बसून नवा फाया हुंगत होता.

"शेठ, माझ्या घरची गोष्ट आणखी कोणाकोणाला कळली आहे?"

"छे छे, कोणाला नाही," उदाजी म्हणाला. "फक्त आमच्या भागीदारांना."

"भागीदार कोण?"

"ते सांगता येत नाही, ताई. त्यांच्या खासगीपणाचा प्रश्न आहे."

काजळी तिथून तळ्याकाठी कासवाकडे आली. कासव त्या राज्यात फार शहाणे समजले जाई, कारण ते सावकाश बोले. त्याने सगळे ऐकून घेतले. "हे बघ पोरी," ते म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला? माझं सगळं आयुष्य उघडं आहे. लपवण्यासारखं आहेच काय माझ्याजवळ?" एवढे बोलून त्याने मान आणि चारही पाय पाठीखाली ओढून घेतले. आतून ते आणखीही काही म्हणाले, पण ते नीट ऐकू आले नाही.

तेव्हा काजळीने ठरवले की, आता कुठल्याही दारात मान हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी ती माकडांच्या दुकानाला वळसा घालून खाजकुइलीत शिरली. अंगाची आग आग झाली. मागच्या दाराशीही एक राघू होताच.

"नको?" त्याने डोळे विस्फारले. "खरंच नको? तुमच्या वेलाची चव कमी होईल. तरी नको?"

"नको."

"आवश्यक अत्तर तरी?"

"ते कशाला आवश्यक?"

"आम्हाला आवश्यक आहे ना," राघू म्हणाला आणि त्याने एक फाया तिच्या कानामागे टेकवलाही. मग त्याने दुसरी, अगदी लहान कुपी उघडली. "आणि हे नकाराचं."

"मी आत्ताच नको म्हणाले ना?"

"म्हणूनच तर. तुम्ही नको म्हणालात हे उद्या माझ्या ध्यानात कसं राहणार? हे लावलं की कोणी तुम्हाला परत विचारायचं नाही. तुमच्याच भल्याचं आहे, ताई."

यात काहीतरी खोट आहे हे काजळीला कळत होते. पण अंग खाजत होते, मागे रांग नव्हती आणि बोलून दाखवावे असे कोणी नव्हते. तिने कान पुढे केला. मग दुसऱ्या दुकानात, तिसऱ्या दुकानात, जिथे जिथे ती नाही म्हणाली तिथे तिथे नकाराच्या अत्तराचा एकेक फाया तिला लागला. ते अत्तर फिकट होते, थोडे कडवट, पावसाळ्यात बंद ठेवलेल्या पेटीसारखे. सबंध राज्यात तो वास आणखी कोणाच्याच अंगाला नव्हता, कारण खाजकुइलीतून आणखी कोणी आलेच नव्हते.

बाजाराच्या मागे, जिथे गिऱ्हाइके जात नसत, तिथे पिंपळाखाली भागीदार बसत. अंगावर सुरेख ठिपके, मिशा नीट चाटलेल्या, आवाज कधी चढलेला नाही. बाजारात त्यांनी कोणाला नख लावल्याचे उदाहरण नव्हते; तसे नियमातच नव्हते. दिवसभराचे वापरलेले फाये उदाजी संध्याकाळी त्यांच्यापुढे आणून ठेवी, आणि ते बसल्या जागी डोळे मिटून हुंगत. सगळ्यांनी सगळीच अत्तरे लावून घेतलेली, त्यामुळे वासांचा नुसता काला झालेला असे आणि त्यातून एखादे गिऱ्हाईक वेगळे काढायला त्यांना फार कष्ट पडत. त्या संध्याकाळी एका फायाशी ते थांबले. तो फिकट होता, कडवट होता आणि अगदी एकटा होता. "वा," ते उदाजीला म्हणाले. "ज्याला काही लपवायचं आहे त्याने आपण होऊन खूण करून घ्यावी, ही कल्पना फार चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर, दुपारीच काजळी जाळीकडे निघाली तेव्हा तिला मागे पाचोळा वाजल्यासारखे वाटले. ती थांबली की तो आवाजही थांबे. तिने वळून पाहिले नाही. तिला सारे समजले, आणि स्वतःच्या अंगाचा तो वासही तिला पहिल्यांदाच नीट आला. जाळी समोर होती. आत पाडस भुकेले होते आणि आईच्या पावलांचा आवाज ओळखून कान टवकारून बसले असणार. काजळी जाळीजवळून तशीच पुढे निघून गेली.

ती नदीकडे पळाली. मागून येणारी पावले लांब पडतात असे वाटले की ती मुद्दाम झुडपांना अंग घाशी, वास ठेवी. नदी उतरून ती पलीकडच्या खडकांत गेली, मागावर आलेल्या भागीदारांना तिथे तिने पुरते गुंतवले, आणि वरच्या अंगाने परत पाण्यात उडी घेतली. या वेळी ती लगेच बाहेर आली नाही. काठाची वाळू, शेवाळ, चिखल, जे हाती लागले त्याने तिने कान घासले, मान घासली, कातडी सोलवटेपर्यंत घासली. पावसाने न जाणारी अत्तरे रक्त येईपर्यंत घासल्यावर जातात, हे बाजारात कोणी सांगत नसे. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगाला पाण्याखेरीज कशाचाही वास नव्हता. पाडस जन्मले तेव्हा त्याचे अंग असेच होते. तिला इतका आनंद झाला की ती उन्हं उतरताना सबंध माळ धावत आली.

करवंदीच्या जाळीला केळीच्या पानाचा पडदा लावलेला होता.

पडद्यापुढे राघू बसला होता. रोज दोन वेळा एक गिऱ्हाईक या बाजूला येते आणि इथे एकही दुकान नाही, ही सेवेतली उणीव उदाजीच्या लक्षात आली होती, आणि आज दुपारी ती दूर करण्यात आली होती. राघूने काजळीला हुंगले. तिला कसलाच वास नव्हता, तेव्हा ती कोण हे त्याला ओळखता येईना. त्याने आनंदाने पंख फडफडवले.

"नवीन दिसता. स्वागत आहे. आम्ही व आमचे विश्वासू भागीदार..."

"बाजूला हो," काजळी म्हणाली. "आत माझं बाळ आहे."

"हो, हो, त्यांना विचारूनच झालं सगळं," राघू म्हणाला. "तुमच्यापेक्षा समजूतदार आहेत. एका शब्दात हो म्हणाले."

तिने शिंगांनी मारावे तशी डोक्यानेच पडद्याला धडक दिली. पान फाटले. आत पाडस उभे होते. सकाळपासून पोटात काही नसल्यामुळे ते हवेतच आचळ शोधत होते, भुकेल्या पाडसाने शोधावे तसे, मान खाली, मान वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. त्याच्या इवल्या कपाळावर अत्तराचे ओले बोट चमकत होते. आईला पाहून ते थबकले. तिला हुंगले, ओळख पटेना, आणि ते भिऊन मागे सरले.

दिवसभर पडलेला वारा तेवढ्यात उठला आणि जाळीकडून नदीकडे वाहू लागला. पलीकडच्या खडकांत भागीदारांनी जमिनीला लावलेले नाक वर उचलले.