तपेल्याची कल्हई

भांड्यांच्या राज्यात खराब झालेल्या गोष्टींसाठी चारच शब्द होते: शिळं, आंबलं, नासलं, कळकलं. चारही प्रामाणिक. कोणी ‘कळकलं’ म्हणालं, की कोणाच्या पोटातली कल्हई उडाली ते पाहत आणि त्याला कल्हई लावून आणत. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

मग कारभार थोरल्या पितळी तपेल्याकडे आला. कल्हईसाठी सगळ्यांदेखत निखाऱ्यांवर बसावं लागतं. कारभाऱ्याला ते कसं मानवणार? त्यानं टाळलं, आणि एका सकाळी त्याच्या पोटातलं ताक हिरवं झालं.

नेमकी तेव्हाच मातीची घागर विहिरीचं पाणी घेऊन आत आली होती. तिच्या खेपांवर अख्खं राज्य पाणी पीत होतं. तिची लेक बुडकुली मागे उंबऱ्यापाशी उभी होती.

“ही शिवली मला,” तपेलं म्हणालं. “विटाळ झाला.”

हा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. पळीनं विचारलं, “म्हणजे काय हो?”

“विचारतेस? तुलाही झालाय वाटतं!”

पळी चटकन मागे सरली. रोज ताक घुसळणाऱ्या रवीनं तळाचा हिरवा थर डोळ्यांनी पाहिला होता. पण ती मूग गिळून बसली. लाज वाटायला हवी होती तिला! जुन्या शब्दांना कारण लागायचं. या नव्या शब्दाला जवळ उभं असलेलं कोणीतरी पुरत होतं.

“अहो, एकदा आत वाकून तरी बघा!” घागर म्हणाली. “मी काठालासुद्धा लागले नाही.”

कोणीही वाकलं नाही.

नियम तपेल्यानंच केला. विटाळलेलं पितळ घासून घ्यायचं, विटाळलेली माती फोडायची. नियम सगळ्यांना सारखाच आहे, असं ताटांनी एकमेकांना समजावलं. वरवंट्यानं घागर लेकीदेखत अंगणात फोडली.

घासायला काहीतरी खरखरीत हवं होतं. वरवंट्यानं तिच्याच खापऱ्या कुटून पूड केली. ती चिंचेत कालवून तपेल्याला बाहेरून चोळली, अगदी तोंड दिसेपर्यंत. आत कोणी हात घातला नाही. मग त्यात ताजं ताक ओतलं.

दुपारी ताक पुन्हा हिरवं झालं.

त्याच वेळी बुडकुली विहिरीवरून आली. आईच्या खेपा आता तिच्याकडे होत्या. काठोकाठ भरलेली ती उंबऱ्यापाशी थांबली. चकचकीत तपेल्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि कोणी काही बोलायच्या आतच वरवंटा उठून उभा राहिला.