बिननावाची

शके अठराशे अठ्ठावन्न, मार्गशीर्ष. थंडी कडक पडली होती.

“बारशाला आलेली बहीण परत का पाठवलीस?” भुजंगनाथांनी विचारले.

दुधना नदीच्या काठी त्यांचा मठ. समोर विश्वंभर मास्तर बसले होते. संस्कृत शिकलेले, फारसी शिकलेले. नाथांचे जुने शिष्य, पण मान ताठ. बाहेर छकड्यात त्यांची बायको होती. ती खाली उतरली नाही.

“नाव पटत नव्हतं, महाराज. हिला मीना हवं होतं. संस्कृतात मीन म्हणजे मासा. फारसीत मीना म्हणजे काच. फुटायची वस्तू. पोरीला असलं नाव…”

बहीण कुंची शिवून घेऊन आली होती. पाळणा सजला होता. मास्तरांनी सांगितले, सगळ्या भाषांत निर्दोष असे नाव सापडेपर्यंत बारसे नाही. बहीण डोळे पुसत गेली. पोर महिनाभर बिननावाची राहिली. मग ताप आला आणि ती गेली. मठामागच्या बाभळीखाली तिला पुरले.

“दोन भाषा शिकलास. एका पोरीपुरतं नाव निघालं नाही?”

“निघालं. मीनाच. फारसीत मीना म्हणजे निळं आभाळसुद्धा. मागाहून सापडलं.”

“सापडलं तेव्हा पोर कुठं होती?”

“मातीत.”

मास्तरांची मान खाली गेली. मग ते हळूहळू बोलले. पोर गेली तेव्हापासून बायको रडलेली नाही. पाणी भरते, भाकरी करते, रडत नाही. म्हणते, रडू काय म्हणून? हाक मारायला नाव कुठे आहे?

“तुम्ही नाव द्या, महाराज. तुमच्या तोंडचं ती मानेल.”

“देणं तुझं. मी कसं फेडू?”

नाथ उठले. बाभळीखाली गेले. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून मातीवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. त्या त्यांनी हाताने दूर केल्या. बोटांना रक्त आले.

“वाक.”

मास्तर गुडघ्यांवर बसले. तोंड मातीला लावले.

“मीना… म्हणजे निळं…”

नाथांनी त्यांचे तोंड दाबले.

“नुसतं नाव.”

मास्तर कुजबुजले.

“तिला ऐकू गेलं नाही,” नाथ म्हणाले.

मास्तर पुन्हा कुजबुजले. नाथ छकड्याकडे पाहत होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तेव्हा मास्तरांनी हाक मारली. आवाज फाटला. नदीपलीकडे गुरे चरत होती, त्यांनी माना वर केल्या.

छकड्यातून बाई उतरली. दोन पावले आली आणि खाली बसली. तिने तेच नाव घेतले आणि हंबरडा फोडला. पुन्हा तेच नाव. पुन्हा तेच.

मास्तर उठून तिच्याकडे निघाले. त्यांना काही सांगायचे होते.

नाथांनी त्यांचा दंड धरला.

“फिटलं. आता गप्प राहा.”