ज्योतिषीबुवांचा रावस

समुद्राला अजून नावसुद्धा पडलं नव्हतं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. किनाऱ्यावर एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक रीत होती. हंगामातला पहिला रावस मासा राजाला नजर करायचा, तोही अखंड. त्याला सुरी लावायची नाही. फुलांच्या माळा घालून तो वाड्यापुढच्या ओट्यावर ठेवायचा आणि ज्योतिषीबुवांचा मुहूर्त येईपर्यंत हलवायचा नाही.

एरवी मुहूर्त सकाळचाच निघे. त्या वर्षी तो निघाला भर दुपारी, आणि रावस नजर करण्याचा मान होता धर्मी कोळणीचा. राजा माशाजवळ आला आणि नाक दाबून मागे फिरला. माशाला घाण सुटली होती.

ज्योतिषीबुवांच्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. ते म्हणाले, "महाराज, मासा अपवित्र हातांनी आला, म्हणून नासला. या बाईला किनाऱ्यावरून हाकलून द्या."

धर्मीचं झोपडं, होडी, पोट, सगळं त्याच किनाऱ्यावर होतं. तरी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"महाराज, माजे हात वाईट, तर बुवांचे पवित्र ना? उद्या एकाच जाळ्यातले दोन रावस घ्या. एक बुवा ठेवतील, तुमच्या रीतीनं. एक मी ठेवीन, माज्या घरच्या रीतीनं. मग तुमचं नाक सांगंल ते खरं."

राजाला हे पटलं.

दुसऱ्या दिवशी बुवांनी स्नान केलं, मंत्र म्हटले आणि आपला रावस उन्हात मांडला. धर्मीने मंत्र म्हटला नाही. तिने कल्ले उपटले, पोट चिरून आतडी काढली, समुद्राच्या पाण्याने मासा खळखळून धुतला, मीठ चोळलं आणि ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवला. बुवा हसले. बिचाऱ्यांना तेवढाच वेळ होता हसायला!

दुपारी राजा आला. बुवांच्या रावसावर माश्यांची जत्रा भरली होती. खुद्द बुवांनीच उपरणं नाकाला लावलं. मग राजाने गोणपाट उचललं, आणि समुद्राचा ताजा, खारट वास आला.

"हे कसं गं?" राजाने विचारलं.

"महाराज, मासा मेला तरी त्याच्या पोटात नि कल्ल्यात बारीक जीव जगत ऱ्हातात. डोळ्याला दिसत नाय इतके बारीक. तेच त्याला आतून खातात, नि त्यांनी खाल्ल्याची ही घाण. ऊन लागलं की त्यांना जोर येतो. त्यात माज्या हाताचा काय गुन्हा?"

कोळीवाड्याने असा जल्लोष केला की होड्यांवरचे बगळे उडाले. राजाने तिथल्या तिथे रीत मोडली. पहिला रावस यापुढे साफ करूनच येईल आणि तो धर्मीच्याच कोयत्याने चिरला जाईल, अशी दवंडी पिटली. धर्मीला मिरवत घरी नेलं. आणि बुवांना हुकूम झाला: आपला रावस आपल्याच पवित्र हातांनी, भर बाजारातून नेऊन जमिनीत पुरावा.

तात्पर्य: घाण सुटली की माणसावर बोट रोखण्याआधी तिचं मूळ शोधावं.