नदी, ससा आणि वाळली काडी

ढग जमिनीवर येऊन टेकायचे तेव्हाची गोष्ट. माळावरच्या हौसाक्का ससे पाळायच्या आणि दर आठवड्याला पिल्लांना टोपलीत घालून त्यांचं वजन करायच्या. आपणच सगळ्यांत जड भरावं म्हणून भुरक्या नावाचं पिल्लू नुसता मक्याचा भरडा खायचं आणि वाळलं गवत पायानं बाहेर लोटायचं.

"तुला खाऊन अंगाला काय लागणार?" तो गवताच्या काडीला म्हणायचा. काडी नुसती सळसळायची.

एका दुपारी भुरक्याचं पोट टम्म फुगलं, लेंड्याही पडेनात. ग्लानीत त्याला एक नदी दिसली, कालवलेल्या पिठासारखी घट्ट, जागीच थांबलेली. काठावर तीच काडी उभी होती.

"ही नदी कुठली गं?"

"तुझ्याच पोटातली. मला बाहेर लोटलंस, मग हिला पुढे कोण नेणार?"

डोळे उघडले तेव्हा हौसाक्का भरड्याची वाटी उचलत होत्या. "आता गवतच खा रे राजा," म्हणत त्यांनी पेंढी आत सारली. भुरक्यानं एक काडी चावली, मग दुसरी. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याखाली गोल गोल लेंड्या पडल्या, तेव्हा कुठे हौसाक्कांना हायसं वाटलं.

पुढे एकदा टोपलीत भुरक्याच सगळ्यांत जड भरला. त्यानं हळूच काडीला विचारलं, "यात तुझं वजन किती गं?"

"माझं कुठलं? मी तर केव्हाच पुढे गेले."