लाल रेघेबाहेरची वचने

एका शिष्याला एकदा एकाच आठवड्यात दोन ख्रिस्ती मंडळ्यांची बोलावणी आली. पवित्र शास्त्राच्या अभ्यासाची चार वर्षे पुरी झाली होती. आता पाळक म्हणून, म्हणजे मंडळीचा धर्मोपदेशक म्हणून, कुठे तरी जायचे होते, आणि रविवारपर्यंत उत्तर कळवायचे होते. एक पत्र बाजारपेठेच्या गावचे होते; तिथल्या मंडळीचे प्रमुख लाकडाचे मोठे व्यापारी. दुसरे पत्र माळावरच्या एका खेड्याचे. शिष्य सल्ला घ्यायला आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. बाजारपेठेला पाठवायचा होकार त्याने आधीच लिहून खिशात ठेवला होता. सल्ला विचारायला येणारे बहुधा एवढी तयारी करूनच येतात.

गुरुजी ओसरीवर खुर्चीत बसले होते. त्यांनी निम्मे आयुष्य पाळकपण केले, उरलेले शिकवण्यात घालवले, आणि आता दोन्हींनी दमले होते. सलाम झाल्यावर शिष्य म्हणाला की, शास्त्रातच त्याला मार्गदर्शन मिळाले आहे. अब्रामाचा आणि त्याचा पुतण्या लोट याचा तो अध्याय. दोघांची गुरे वाढली, गुराखी भांडू लागले, तेव्हा काकाने पुतण्याला सांगितले, तू हवी ती बाजू घे. लोटाने नजर उचलली, यार्देन नदीचे हिरवे, पाणी असलेले खोरे पाहिले आणि ते घेतले. यात पाप कुठे आहे, असे शिष्याचे म्हणणे होते. गुरांना पाणी लागते, तसे पाळकाच्या मुलांना शाळा लागते.

शिष्याला लाल पेन्सिलीने वचने अधोरेखित करण्याची सवय होती. वर्गातले सगळेच तसे करीत, पण याच्या शास्त्राची पाने तर लग्नपत्रिकेसारखी दिसत.

गुरुजी म्हणाले, "मला हल्ली दिसत नाही. तो अध्याय वाचून दाखव. पण लाल रेघ असेल ते सोडून दे, उरलेलंच वाच."

हे शिष्याला विचित्र वाटले, पण त्याने वाचायला घेतले. हिरवे खोरे गेले, पाणी गेले. उरले ते असे की, लोटाने आपला तंबू सरकवत सदोम नगरापर्यंत नेला, आणि त्या नगरातले लोक दुष्ट होते.

"आता त्या बाजारपेठेचं पत्र काढ. तसंच वाच."

शिष्याने पत्र उघडले आणि ओशाळला. पत्रावरही लाल रेघा होत्या. बंगल्याखाली, नळाखाली, शाळेखाली. हात सवयीने चालला होता. तो हळू आवाजात उरलेले वाचू लागला. पाळकांनी रविवारचा उपदेश शनिवारी लिहून शेठजींना दाखवावा. मागील पाळकांनी वखारीतल्या अपघाताचा विषय वेदीवरून काढला, तसे पुन्हा घडू नये.

शिष्याने पत्राची घडी घातली. मग शिष्य म्हणाला, "गुरुजी, एकदा तिथे रुजलो की हळूहळू बोलेनच ना मी."

"मीही असंच ठरवलं होतं," गुरुजी म्हणाले. "लोट वाईट माणूस नव्हता रे. त्या दिवशी तो सदोमात गेलासुद्धा नाही, नुसता तिकडे तोंड करून राहिला. पुढे पाहावं तर हा नगराच्या वेशीत बसलेला, प्रतिष्ठित झालेला. आणि देव हे नगर जाळणार म्हणून जावयांना सांगायला गेला, तर त्यांना वाटलं, सासरेबुवा थट्टा करतायत. मी बावीस वर्षं उपदेश आधी दाखवून केले. तेविसाव्या वर्षी न दाखवता एक केला, जो पहिल्याच वर्षी करायला हवा होता. उपासना संपल्यावर लोक दारात हात मिळवून म्हणाले, पाळकसाहेब, आज मजा आली. बंगला चांगला होता. पाणीही चोवीस तास होतं. ते काही खोटं नव्हतं."

शिष्याने दुसरे पत्र काढले. त्यावर एकही लाल रेघ नव्हती, म्हणजे ते नीट वाचलेलेच नव्हते. आता त्याने ते पहिल्या ओळीपासून वाचले. पाळकांच्या घराचे छप्पर पावसात दोन ठिकाणी गळते. शाळा चार मैलांवर आहे. पगाराला उशीर होतो. आमचे लोक भांडखोर आहेत, उपदेश पटला नाही तर उपासनेनंतर तोंडावर विचारतात.

"विचारतात म्हणजे ऐकत असणार," गुरुजी म्हणाले, आणि डोळे मिटून खुर्चीत मागे रेलले.

शिष्याने खिशातली लाल पेन्सिल काढली. भांडखोर लोकांच्या ओळीखाली रेघ ओढायला हात गेला, पण त्याने तो आवरला. पेन्सिल गुरुजींच्या खुर्चीशेजारी ठेवली, आणि होकाराचा कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर खेड्याला उत्तर लिहू लागला. सुरुवात त्याने छपरापासून केली. कौले कोण देईल, ते विचारले.

आपण वाचक मंडळींनीही आपापल्या आवडत्या पानांवर एकदा नजर टाकावी. रेघा बहुतेक बंगल्याखालीच सापडतील.